इंटरलेस्ड की प्रोग्रेसिव्ह? : जुन्या चित्रफितींच्या एन्कोडिंगपूर्वीची परीक्षा

प्रस्तावना

अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत व सांस्कृतिक विभागांच्या कपाटांत व्हीएचएस आणि मिनी डीव्ही प्रकारच्या चित्रफितींचा संग्रह आजही पडून आहे. त्यांत स्नेहसंमेलने आहेत, व्याख्यानमाला आहेत, आता हयात नसलेल्या प्राध्यापकांची फळ्यासमोरील अध्यापने आहेत आणि क्वचित प्रसंगी अन्यत्र कोठेही नोंद नसलेली लोककलांची सादरीकरणेही आहेत. या फिती चालविणारी यंत्रे दुर्मीळ होत चालली आहेत. व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या ज्ञात उत्पादकाने, जपानमधील फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्ये आपले उत्पादन थांबविले. फितीवरील चुंबकीय थरही कायम टिकणारा नाही. त्यामुळे एखादी फीत संगणकावर उतरविण्याची संधी बहुधा एकदाच मिळते, आणि त्या वेळी घेतलेला निर्णय पुढे दुरुस्त करता येईलच असे नाही.

या निर्णयांपैकी सर्वांत दुर्लक्षित निर्णय हा की, हाती आलेले चित्र इंटरलेस्ड आहे की प्रोग्रेसिव्ह, हे एन्कोडिंगपूर्वी ओळखणे. रंग फिका पडला, आवाजात खरखर राहिली तर ती कोणाच्याही लक्षात येते. मात्र या बाबतीतील चूक संगणकाच्या पडद्यावर ‘जुनी कॅसेट म्हणजे असेच दिसायचे’ या समजुतीखाली खपून जाते. प्रस्तुत लेखात ही ओळख कशी करावी व ती चुकल्यास नेमके काय गमावले जाते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन फील्डांची एक फ्रेम

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात अभियंत्यांपुढे एक पेच होता. चित्र सेकंदाला २५ वेळा दाखविले तर हालचाल पुरेशी सलग भासते, परंतु काचेच्या पडद्यावर ते डोळ्यांना खुपेल इतके लुकलुकते. ५० वेळा संपूर्ण चित्र पाठवावे तर त्यास दुप्पट बँडविड्थ लागते. यावर काढलेला तोडगा म्हणजे इंटरलेसिंग. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीतील फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० मध्ये, तर अमेरिकेत आरसीए कंपनीतील रँडल बॅलर्ड यांनी १९३२ मध्ये या पद्धतीची मांडणी केली. चित्रातील एकाआड एक ओळी प्रथम पाठवावयाच्या व उरलेल्या ओळी त्यानंतर. ओळींच्या या प्रत्येक अर्ध्या संचास फील्ड असे म्हणतात आणि दोन फील्ड मिळून एक फ्रेम होते.

भारताने ६२५ ओळींची व सेकंदाला ५० फील्डांची पद्धत स्वीकारली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते याच पद्धतीवर, आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले ते तिच्याशी जुळणाऱ्या पाल प्रणालीने. ६२५ पैकी प्रत्यक्ष चित्र धारण करणाऱ्या ओळी अंकीय स्वरूपात ५७६ धरल्या जातात, म्हणजे प्रत्येक फील्डच्या वाट्याला २८८ ओळी येतात. घरगुती व्हीएचएस यंत्रातही हीच रचना आहे. पाल यंत्रातील फिरते दंडगोल सेकंदाला २५ फेरे घेते, त्यावर समोरासमोर दोन हेड बसविलेले असतात आणि प्रत्येक हेड फितीवर एक तिरकस पट्टा, म्हणजेच एक फील्ड, लिहिते वा वाचते.

येथे एक बाब ठळकपणे ध्यानात घेतली पाहिजे. व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या फ्रेममधील दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात. त्यांच्यात एक पन्नासांश सेकंदाचे अंतर असते. समजा, नर्तकीचा हात ७२० बिंदू रुंदीची चौकट दोन सेकंदांत ओलांडतो आहे. मग त्याची गती सेकंदाला ३६० बिंदू होते आणि दोन फील्डांच्या दरम्यान तो सुमारे ७ बिंदू पुढे सरकलेला असतो. ही दोन्ही फील्ड एकत्र विणून स्थिर चित्र म्हणून पाहिली, तर हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात. जुन्या काचेच्या दूरचित्रवाणी संचावर ही फणी दिसत नसे, कारण तेथे फील्ड एकामागून एक त्यांच्या नैसर्गिक क्रमानेच उमटत. संगणकाचा पडदा मात्र सर्व ओळी एकदम दाखवितो.

प्रोग्रेसिव्ह चित्रात हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यातील सर्व ओळी एकाच क्षणाच्या असतात. चित्रपटाची फीत, आजचे बहुतेक भ्रमणध्वनी व संगणकाच्या पडद्याचे ध्वनिचित्रमुद्रण ही त्याची परिचित उदाहरणे होत.

आवरण आणि आशय

वरील विवेचनावरून असे वाटू शकेल की कॅसेटवरून आलेले सर्व काही इंटरलेस्ड व बाकीचे प्रोग्रेसिव्ह. गोंधळाचे मूळ या समजुतीतच आहे. पालच्या संकेतात चित्र नेहमीच दोन फील्डांत विभागलेले असते. आत भरलेला आशय मात्र तसा असेलच असे नाही.

चित्रपटाच्या फितीवरून दूरचित्रवाणीसाठी प्रत तयार करताना एका चित्रचौकटीतूनच दोन्ही फील्ड काढली जात. ही फील्ड स्वतंत्रपणे नोंदली जात असली तरी ती एकाच क्षणाची असतात, म्हणून पुन्हा विणली असता निर्दोष प्रोग्रेसिव्ह चित्र मिळते. १६ मिलिमीटर फितीवर चित्रित झालेले कितीतरी माहितीपट या मार्गाने कॅसेटवर आले. २४ फ्रेमच्या गतीने चित्रित केलेली फीत पालमध्ये २५ फ्रेमच्या गतीने चालविण्याची रूढी होती, म्हणून असे चित्र सुमारे ४ टक्के वेगाने धावते. ध्वनीची पट्टी वेगळी दुरुस्त केलेली नसेल तर तीही शुद्ध व कोमल स्वरांमधील अंतराच्या सुमारे सात दशांश इतकी वर चढते. संगीत विभागाने अशा प्रतीवरून गायकाचा षड्ज ठरविण्यापूर्वी एवढे पडताळून पाहावे.

अमेरिकेतील आप्तांकडून आलेल्या कॅसेटची गोष्ट आणखी निराळी. तेथील एनटीएससी पद्धतीत ५२५ ओळी व सेकंदाला जवळजवळ ६० फील्ड असतात. २४ फ्रेमचा चित्रपट त्यात बसविण्यासाठी एका चौकटीची दोन फील्ड, पुढीलची तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन असा क्रम योजतात. परिणामी दर पाच फ्रेममध्ये तीन स्वच्छ व दोन फणीयुक्त दिसतात. असे चित्र इंटरलेस्ड समजून त्यावर सरसकट प्रक्रिया करणे ही घोडचूक होय. त्यातील पुनरावृत्त फील्ड वगळून मूळ २४ फ्रेम परत मिळविता येतात. याउलट तिकडच्या कौटुंबिक वा मंडळाच्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅमेऱ्याने काढलेली फीत पूर्णतः इंटरलेस्ड असते.

मिश्र प्रकार तर सर्वांत फसवा. फितीवर चित्रित माहितीपटास नंतर व्हिडिओ यंत्रावर श्रेयनामावली जोडली असेल, तर चित्र प्रोग्रेसिव्ह व त्यावरून सरकणारी अक्षरे इंटरलेस्ड अशी अवस्था होते. केवळ शेवटचे एक मिनिट तपासून निष्कर्ष काढणारा येथे हमखास फसतो.

याखेरीज पूर्वीच बिघडलेला आशय असतो. २००० नंतरच्या दशकात लग्नाच्या व संमेलनांच्या कॅसेट व्हीसीडीवर उतरवून घेण्याची लाट आली होती. व्हीसीडीचा एमपेग-१ संकेत इंटरलेसिंग जाणतच नाही आणि त्याची चौकट ३५२ गुणिले २८८ बिंदूंची असते. म्हणजे तेथे सेकंदाला ५० ऐवजी २५ च क्षण उरले. व्हीसीडी तांत्रिकदृष्ट्या प्रोग्रेसिव्ह असते खरी, पण ती तशी करण्याची किंमत मूळ चित्राने मोजलेली असते. मूळ कॅसेट अद्याप उपलब्ध असेल तर व्हीसीडी बाजूस ठेवून कॅसेटकडेच वळणे योग्य.

ओळखण्याच्या रीती

प्रथम मार्ग माहितीपत्राचा. मीडियाइन्फोसारखे मोफत साधन फाइल उघडताच स्कॅनचा प्रकार व फील्डांचा क्रम सांगते. ही माहिती फाइलीच्या शीर्षभागातील खुणांवरून येते. डीव्हीडीच्या एमपेग-२ संकेतात संपूर्ण प्रवाहासाठी एक व प्रत्येक फ्रेमसाठी स्वतंत्र अशा खुणा असतात, परंतु त्या एन्कोडर चालविणाऱ्याने वा यंत्राने लावलेल्या असतात. चित्राकडे पाहून त्या लागलेल्या नसतात. चित्रपट भरलेल्या डीव्हीडीवर ‘इंटरलेस्ड’ अशी खूण असणे व फणीने भरलेल्या फाइलीवर ‘प्रोग्रेसिव्ह’ अशी खूण असणे, दोन्ही शक्य आहे. दाखल्यावरील जन्मतारखेप्रमाणे या माहितीची नोंद घ्यावी, तीवर निवाडा करू नये.

दुसरा मार्ग डोळ्यांचा. वेगवान हालचालीचा प्रसंग निवडून चित्र थांबवावे व एकेक फ्रेम पुढे न्यावी. टाळ्या वाजविणारे प्रेक्षक, धावणारे खेळाडू, कॅमेऱ्याचे आडवे फिरणे यांत फणी तत्काळ दिसते. स्थिर बसलेल्या वक्त्याच्या चित्रावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण हालचाल नसेल तेथे दोन्ही फील्ड सारखीच दिसतात. दोन दक्षता आवश्यक आहेत. चित्र दाखविणाऱ्या प्रोग्रॅममधील आपोआप डी-इंटरलेस करण्याची सोय बंद असावी, आणि चित्र मूळ आकारातच पाहावे. खिडकीत मावावे म्हणून ते लहान केले की फणीचे दात एकमेकांत मिसळून नाहीसे होतात व निरीक्षक निर्धास्त होतो.

तिसरा मार्ग खरा निर्णायक मानावा लागेल. तो म्हणजे फील्ड वेगळी करून पाहणे. एव्हीसिंथ अथवा एफएफएमपेग यांसारख्या साधनांत प्रत्येक फ्रेमची दोन फील्ड विलग करून ती ५० प्रतिसेकंद या क्रमाने मांडता येतात. चित्र निम्म्या उंचीचे दिसते, पण त्याने बिघडत नाही. आता एकेक फील्ड पुढे न्यावे. दर फील्डला वस्तू नव्या जागी दिसत असेल तर आशय इंटरलेस्ड आहे. वस्तू दोन फील्डे एकाच जागी थांबून मग पुढे सरकत असेल तर आशय प्रोग्रेसिव्ह आहे, मग विणलेल्या फ्रेममध्ये फणी दिसत असली तरीही. हे शेवटचे विधान विरोधाभासी वाटेल. परंतु काही वेळा प्रतीकरणात फील्डांची जोडी एकाने घसरते, म्हणजे एका चौकटीचे दुसरे फील्ड पुढील चौकटीच्या पहिल्या फील्डशी बांधले जाते. अशा वेळी प्रत्येक हलत्या फ्रेमला फणी दिसते आणि तरी काहीही गमावलेले नसते; जोड्या नीट जुळविल्या की स्वच्छ चित्र परत येते. येथे डी-इंटरलेस करणे म्हणजे नुसत्या बटण चुकलेल्या सदऱ्याला कात्री लावणे होय.

याच परीक्षेत फील्डांचा क्रमही कळतो. वस्तू एकसारखी पुढे जात असेल तर गृहीत धरलेला क्रम बरोबर. ती दोन पावले पुढे, एक पाऊल मागे अशी हिंदकळत असेल तर क्रम उलटा आहे. पाल डीव्ही फितीत खालचे फील्ड प्रथम येते, तर १०८० ओळींच्या इंटरलेस्ड उच्च स्पष्टतेच्या चित्रात वरचे. एकाच प्रकल्पात दोन्ही प्रकारची सामग्री जोडताना हा फरक नजरेआड होतो व अर्धा कार्यक्रम थरथरत राहतो.

चौथा मार्ग मोजणीचा. एफएफएमपेगमधील आयडेट हे गाळणीयंत्र प्रत्येक फ्रेमची गणना करून शेवटी चार आकडे देते : वरचे फील्ड प्रथम असलेल्या फ्रेम, खालचे प्रथम असलेल्या, प्रोग्रेसिव्ह आणि अनिर्णित. त्यामागील तत्त्व सोपे आहे. चालू फ्रेममधील वरची व खालची ओळ घ्यावयाची आणि त्यांच्या मधोमध आधीच्या, चालू व पुढच्या फ्रेममधील ओळ आळीपाळीने ठेवून कोणती अधिक सहज बसते ते मोजावयाचे. चालू फ्रेमचीच ओळ चपखल बसली तर चित्र प्रोग्रेसिव्ह. आधीची किंवा पुढची बसली तर इंटरलेस्ड, आणि कोणती बसली यावरून क्रमही समजतो.

या आकड्यांचे वाचन जाणतेपणाने करावे लागते. १५ मिनिटांच्या फितीत २२,५०० फ्रेम असतात. ती फीत फळ्यासमोर उभ्या प्राध्यापकाची असेल तर त्यांतील मोठा भाग अनिर्णित येणे स्वाभाविक आहे. अशा वेळी निर्णीत फ्रेमचे आपापसांतील प्रमाण पाहावे, एकूण फ्रेमशी नव्हे. समजा ३,००० निर्णीत फ्रेमपैकी २,९०० ‘खालचे प्रथम’ या सदरात पडल्या, तर फीत इंटरलेस्ड आहे हे निःसंशय. उरलेल्या १०० फ्रेम गोंगाटाच्या होत. पण १,६०० इंटरलेस्ड व १,४०० प्रोग्रेसिव्ह असे आकडे आले, तर सरासरी काढत बसू नये. ती फीत बहुधा मिश्र आहे आणि तिचे भाग पाडून स्वतंत्र तपासणी करणे भाग आहे. बारीक आडव्या रेषांचे वस्त्र, आलेख-कागद, खिडकीच्या झडपा यांवर हे यंत्र फणीचा भ्रम धरू शकते, आणि फितीचा गोंगाट त्याला कोठेही फसवू शकतो. म्हणून मोजणीने संशयाची जागा दाखवावी व निर्णय फील्ड वेगळी करून घ्यावा, हा क्रम श्रेयस्कर होय.

चूक झाल्यास

इंटरलेस्ड चित्र प्रोग्रेसिव्ह समजून एन्कोड केल्यास पहिली हानी आकुंचनात होते. एन्कोडर चित्राचे छोटे चौकोन करून त्यांतील चढउतार मोजतो. फणीमुळे प्रत्येक ओळीगणिक चढउतार होतो, त्या टिपण्यात बिटांचा व्यय होतो आणि चेहऱ्याच्या तपशिलासाठी ते कमी पडतात. एमपेग-२ व एच.२६४ या संकेतांत फील्डांसाठी स्वतंत्र सोय आहे, पण ती चालू करावी लागते. २०१३ च्या एचईव्हीसीत फील्डांसाठी खास एन्कोडिंग साधने ठेवलेली नाहीत आणि २०१८ च्या एव्ही-१ मध्ये इंटरलेस्ड एन्कोडिंगची सोयच नाही. यामुळे जुन्या फितीसाठी नवीनतम संकेत तोच उत्तम, हा समज तपासून घ्यावयास हवा.

दुसरी हानी रंगाची. सामान्य एन्कोडिंगमध्ये रंगाची माहिती उभ्या दिशेने निम्मी केली जाते. इंटरलेस्ड चित्रात हे प्रत्येक फील्डसाठी वेगळे करावे लागते. खूण चुकली की दोन क्षणांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि लाल काठाच्या पदराभोवती ओरखड्यांसारखी झालर उमटते.

तिसरी हानी कायमची आहे. ५७६ ओळींचे चित्र डी-इंटरलेस न करताच ७२० वा ४८० ओळींत बदलले, तर दोन्ही फील्डांच्या ओळी परस्परांत कालवल्या जातात. फणीची जागा दुहेरी, पारदर्शक सावल्या घेतात. यानंतर फील्ड वेगळी करण्याचा कोणताही उपाय विश्वासाने चालत नाही. बाजारात मिळणारी काही स्वस्त कॅप्चर साधने व एचडीएमआय रूपांतरक ही उलथापालथ आतल्या आत, न सांगता करतात. म्हणून पहिली पाच मिनिटे उतरवून लगेच परीक्षा करावी. पन्नास कॅसेट संपल्यावर नव्हे.

उलट दिशेची चूकही कमी गंभीर नाही. प्रोग्रेसिव्ह आशयावर डी-इंटरलेसिंग चालविले, तर यंत्र प्रत्येक फ्रेममधील निम्म्या ओळी टाकून त्या अंदाजाने पुन्हा रचू पाहते. हलणाऱ्या भागांत उभा तपशील जवळजवळ २८८ ओळींवर येऊ शकतो. १६ मिलिमीटर फितीवरील माहितीपटात कॅमेरा एखाद्या शिलालेखावरून सरकत असेल, तर वाचता येणारी अक्षरे व न येणारी अक्षरे यांत एवढाच फरक पुरेसा ठरतो.

निर्णय व नोंद

परीक्षेनंतर दोन प्रती वेगळ्या हेतूंनी तयार कराव्यात. जतनाची प्रत आहे तशी, म्हणजे इंटरलेस्ड असल्यास इंटरलेस्डच, ठेवावी. तिच्यासाठी एफएफव्ही-१ सारखा हानिरहित संकेत योग्य असून त्याचे विवरण २०२१ मध्ये खुल्या मानक-दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झालेले आहे. डीव्ही फितीच्या बाबतीत तर फितीवरील अंकीय माहितीच जशीच्या तशी फाइलीत उतरविता येते, तिला पुन्हा एन्कोड करण्याचे प्रयोजन नाही. डी-इंटरलेसिंगची तंत्रे सुधारत गेली आहेत. याडिफ, त्यानंतरचे ब्वाडिफ आणि एव्हीसिंथमधील क्यूटीजीएमसी यांच्या परिणामांची तुलना केली असता हे दिसून येते. मूळ फील्ड सुरक्षित असतील तर उद्याच्या अधिक चांगल्या तंत्राचा लाभ त्यांना देता येईल.

वाचकांना वा विद्यार्थ्यांना पाहण्याची प्रत मात्र डी-इंटरलेस केलेली असावी, कारण संकेतस्थळे व भ्रमणध्वनी प्रोग्रेसिव्ह चित्राचीच अपेक्षा ठेवतात. ती करताना प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेम ठेवाव्यात. २५ फ्रेमची प्रत आकाराने लहान होते, पण तबलजीची बोटे व नर्तकीची गिरकी यांतील निम्मे क्षण तिच्यात उरत नाहीत. प्रोग्रेसिव्ह आशय निघाल्यास काहीच न करता फील्ड विणून २५ फ्रेम ठेवाव्यात व खूण तेवढी दुरुस्त करावी.

ग्रंथालयाच्या नोंदवहीत कॅसेटचा क्रमांक, विषय व कालावधी लिहिण्याची पद्धत आहेच. तिच्यात आशयाचा प्रकार, फील्डांचा क्रम, तो कोणत्या प्रसंगावरून ठरविला त्याची मिनिटे-सेकंद आणि परीक्षा करणाऱ्याचे नाव एवढे चार रकाने वाढवावेत. ज्या फितीबाबत निर्णय झाला नसेल तिच्यापुढे ‘अनिर्णित’ असे स्पष्ट लिहावे आणि तिची फक्त जतनाची प्रत करून पाहण्याची प्रत थांबवून ठेवावी.